भोसल्यांच्या रुपयावर माझ्याविरुद्ध बोली लावणारा 'र*७' कोण? नावं झाकलेल्या लिलावावर विश्वास ठेवावा का?

अजनीवाला
नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, पण पूर्ण वाचून मगच सांगा. गुरुवारी रात्रीपर्यंत मला ८,००० रुपये भरायचे की नाही ते ठरवायचं आहे.

माझे बाबा रेल्वेत होते, नागपूरला अजनीत. पगार झाला की इतवारीच्या सराफ्यात जायचे आणि मोडीत आलेल्या जुन्या रुपयांतून एखादा निवडून चांदीच्या भावात घरी आणायचे. मला अजबबंगल्यात (नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात) नेऊन काचेच्या पेटीतली नाणी दाखवायचे आणि घरी आल्यावर विचारायचे, कोणतं लक्षात राहिलं सांग. त्यांची एक वही आहे. नाणं, वजन, भाव, आणि शेवटच्या रकान्यात ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव. ते गेल्यावर डबा आणि वही माझ्याकडे आली. नागपूरकर भोसल्यांची नाणी त्यांना पुरी करायची होती, त्यात कटक टांकसाळीचा रुपया राहून गेला. (१७५१ ते १८०३ ओडिशा भोसल्यांकडे होता, म्हणून टांकसाळ कटकची. नाण्यावर नाव मात्र दिल्लीच्या मुघल बादशहा अहमदशाह बहादुराचं.) तो रुपया मला त्यांच्यासाठी घ्यायचा आहे, पुढे विकायला नाही.

वर्षभरापासून मी एका लिलावाच्या साइटवर बोली लावतो. तिथे समोरच्याचं नाव दिसत नाही. पहिलं अक्षर, मधे चांदणी आणि शेवटचा आकडा, एवढंच. रविवारी कटकचा रुपया निघाला. मी ऑटो-बोलीत (कमाल आकडा एकदा टाकायचा, मग साइट आपल्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत जाते) कमाल ८,००० टाकून ठेवले आणि जेवायला गेलो. बोली ३,२५० वर होती. परत येऊन पाहतो तर इतिहासात असं: 'र*७' ने एक मोठी बोली लावली, भाव एकदम ८,२५० दिसला, चार मिनिटांनी त्याने ती बोली मागे घेतली, कारण 'आकडा चुकला'. भाव परत ३,२५० वर आला. मग त्याच 'र*७' ने ७,७५० लावले आणि गप्प बसला. माझी ऑटो-बोली ८,००० वर गेली, आणि मी 'जिंकलो'. माझ्या कमाल आकड्यावर, एक रुपयाही न वाचता.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते, पण लिहितो. दीड महिन्यापूर्वी याच साइटवर भोसल्यांचा एक तांब्याचा पैसा माझ्या हातून गेला. मी २,४०० वर थांबलो, तो २,६०० ला गेला. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर निरोप आला की जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या २,४०० ला देतो, साइटच्या बाहेर पाठवा म्हणजे कमिशन वाचेल. मी पाठवले. नाणं आलं नाही, आणि तो नंबर आता बंद आहे.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. बाबांच्या वहीत प्रत्येक नाण्यापुढे माणसाचं नाव आहे. मी ज्याच्याशी भाव लढवतो त्याचं नाव मला कळत नसेल, तर तो खरा माणूस आहे हे मी कशावरून मानायचं? ही नावं झाकणंच मुळात फसवणुकीसाठी आहे का?

इतवारी६८
भाऊ, वाचून धस्स झालं. २,४०० वाली गोष्ट माझ्या ओळखीच्या दोघांबरोबर अशीच्या अशी झालेली आहे.

आधी नावं का झाकतात ते सांगतो, कारण तुमचा राग त्या पडद्यावर आहे आणि तो पडदा निम्मा तुमच्याच बाजूचा आहे. २००४ मध्ये ईबेने आपल्याकडची लिलावाची साइट बाझी डॉट कॉम विकत घेतली, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ऑनलाइन घ्यायला लागलो. तेव्हा बोली लावणाऱ्याचं पूर्ण टोपणनाव सगळ्यांना दिसायचं. आम्हा नाणेवाल्यांना ते बरं वाटायचं. अमुक एक कलकत्त्याचा माणूस बोलीत उतरला की समजायचं, नाणं खरं आहे. पण तेच नाव चोरालाही दिसायचं. कोण हरला, किती रुपयांवर हरला, सगळं उघड. मग हरलेल्याला थेट निरोप: 'जिंकणारा पळाला, तुमच्या भावात देतो, पैसे इकडे पाठवा.' ही फसवणूक इतकी वाढली की २००७ च्या सुमारास ईबेने नावं झाकायला सुरुवात केली. ईबेचं इथलं दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं, चांदण्यांची पद्धत मागे राहिली.

म्हणजे तुम्हाला ज्या फसवणुकीने गाठलं तिच्यापासून वाचवायलाच हा पडदा लावलेला आहे. मग नावं झाकलेली असताना तुमचा नंबर त्या माणसाकडे गेला कसा? यावर नीट विचार करा आणि इथे लिहा.

आता रविवारचं. ती बोली खोटी होती यात मला शंका वाटत नाही. ऑटो-बोलीत तुमचा कमाल आकडा कोणालाच दिसत नाही, तो काढायचा एकच मार्ग आहे: त्याच्या वर उडी मारायची. त्याने २०,००० टाकले असतील की ५०,०००, फरक पडत नाही. साइट फक्त तुमच्या आकड्याच्या एक पायरी वर भाव दाखवते. ८,२५० दिसले, पायरी २५० ची, म्हणजे तुमचा आकडा ८,०००. तो कळला, बोली मागे घेतली, मग बरोबर एक पायरी खालून तुम्हाला टेकू दिला. ज्याचा आकडा खरंच चुकतो तो माणूस परत येऊन नेमका ७,७५० वर कसा थांबेल?

त्या 'र*७' वर बोट ठेवून बघा. बऱ्याच साइटवर महिन्याभराचा गोषवारा निघतो: किती बोली, किती विक्रेत्यांकडे, त्यातल्या या विक्रेत्याकडे किती टक्के, किती मागे घेतल्या. खरा संग्राहक दहा ठिकाणी हिंडतो. एकाच दुकानाच्या ओट्यावर बसून राहणारा गिऱ्हाईक नसतो.

पण सगळी झाकलेली नावं चोरांची, असं म्हणू नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आपल्या रघुजीराजांची तलवार निघाली होती. राज्य सरकारने ती मध्यस्थामार्फत घेतली, सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजारांना, आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत उतरली. समजा बोलीच्या वेळी सगळ्यांना माहीत असतं की मागे अख्खं महाराष्ट्र सरकार उभं आहे, तर समोरच्याने भाव कुठे नेऊन ठेवला असता? तलवार नागपूरकर भोसल्यांची, ती परत आली याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी नागपूरच्या महाल भागात जाऊन पेढे वाटले. त्या वेळी आपल्या बाजूचं नावही झाकलेलंच होतं.

काटोलकडचा
मी संत्र्यावाला माणूस, नाण्यातलं काही समजत नाही. पण हर्रासीतलं समजते म्हणून लिहून राहिलो.

माह्या बापाच्या काळात बाजारात भाव रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि व्यापारी दुपट्ट्याखाली हात घालत, बोटं धरत, बोटांवर भाव. शेतकरी ढिगाजवळ उभा, आणि त्यालेच माहीत नाही कोणी किती सांगितले. शेवटी दलाल जो आकडा बोलंल तो. बाप म्हणे, "माल माहा आन् भाव मले सगळ्यात शेवटी कळते." म्हणूनच बाजार समितीच्या कायद्यानं उघड लिलाव आणला, तोंडानं बोली, सगळ्यायच्या समोर.

आता उघड झालं, चेहरे दिसतेत, नावं माहीत आहेत. तरी काय होते सांगू? चार व्यापारी सकाळी चहाच्या टपरीवर बसतेत आन् ठरवतेत, आज तू घे, उद्या मी घेतो. एकानं बोली लावली की बाकीचे तिकडं पाहतच नाहीत. कोणी मधात पडला तर त्याले दुसऱ्या दिवशी पाहून घेतेत. चेहरा दिसते म्हणूनच तर पाहून घेता येते! मी विकणारा आहो, मले तर वाटते की व्यापाऱ्यायले एकमेकायचं नाव कळूच नये. न कळलं तर सेटिंग कोणासोबत करतीन?

म्हणून अजनीवाले भाऊ, नाव झाकलं की कोणाचं भलं होते हे तुम्ही कोणत्या बाजूनं उभे आहा त्यावर आहे. रुमाल वाईट नव्हता. रुमालाखालचा हिशेब फक्त दलालालेच माहीत होता आन् त्याले विचारणारा कोणी नव्हता, ते वाईट होतं.

धरमपेठ_अर्थशास्त्र
काटोलच्या भाऊंचं म्हणणं पुस्तकातही आहे. व्यापाऱ्यांची साखळी टिकते ती एकमेकांवर नजर ठेवता येते म्हणून. मी कॉलेजात शिकवते, पुढच्या वर्षी हे उदाहरण वर्गात सांगणार आहे.

मात्र इतवारी६८ काकांनी एक बाजू सोडली. ऑटो-बोलीचा नियम असा की जिंकणारा आपला आकडा देत नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक पायरी वर देतो. याच्या अगदी जवळची कल्पना विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडली होती, आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिचं सौंदर्य हे की माणसाला डावपेच करावे लागत नाहीत. वस्तू आपल्याला जितक्याची वाटते तितका आकडा एकदाच लिहायचा. जास्त लिहिला म्हणून जास्त द्यावे लागत नाहीत, कारण किंमत दुसऱ्याच्या बोलीवरून ठरते.

आणि नेमकी तीच तिची कमजोर जागा आहे. किंमत दुसऱ्याच्या बोलीवरून ठरत असेल आणि तो दुसरा खोटा असेल, तर सगळी किंमतच खोटी. बंद पाकिटात प्रत्येकाने आपला आकडा लिहून दिला आणि जिंकणाऱ्याने तेवढेच भरले, तर खोटी दुसरी बोली लावून कोणाला काय मिळणार? अजनीवाले दादांनी प्रामाणिकपणे ८,००० लिहिले, आणि त्यांचा प्रामाणिकपणाच त्यांच्याकडून वसूल केला गेला. मला याचा फार राग येतो.

त्यात भर म्हणजे साइटचं कमिशन अंतिम भावावर असतं. ३,२५० ला गेलं तर कमी, ८,००० ला गेलं तर जास्त. नावं फक्त तिला माहीत, आणि खोटी बोली पकडली तर उत्पन्न तिचंच घटणार. म्हणून साइट चांगली असते, ती बघून घेईल, असं मी मानत नाही. तिच्याकडून लेखी उत्तर मागायचं.

तरीही मी नावं उघडी करा म्हणणार नाही. सासऱ्यांचा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह आम्ही असाच विकला. घरात दोघी बायका, आणि कोणाच्या घरी काय आहे, कोण किती पैसे मोजू शकतो हे जगाला दिसावं असं मला वाटलं नाही. नाणी घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. चांदीचे रुपये कोणत्या घरात जमताहेत हे अनोळखी माणसाला कशाला कळायला हवं?

निवृत्त बँकवाला
मी कायद्याचं आणि पैशांचं बोलतो.

पहिलं, ते २,४०० रुपये. दीड महिना झाला म्हणून बसू नका. आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, सगळं जोडा. पहिल्या काही तासांत फोन केला असता तर पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त होती. आता पैसे मिळतील असं मी म्हणत नाही, पण त्या खात्याविरुद्ध अजून तक्रारी असतील तर तुमची त्यात जोडली जाते.

दुसरं, रविवारचा रुपया. आकडा योगायोगाने तोच आहे: मालविक्री कायदा १९३०, कलम ६४. लिलावात विक्रेता स्वतः बोली लावण्याचा हक्क राखून ठेवू शकतो, पण ते आधी उघड सांगावं लागतं. न सांगता त्याने स्वतः किंवा दुसऱ्या कोणाला उभं करून बोली लावली, तर ते बेकायदा आहे आणि खरेदीदार त्या विक्रीला कपट समजू शकतो. खोटी बोली लावून भाव चढवला असेल तर विक्री रद्द करायची की नाही हे खरेदीदाराने ठरवायचं. तुम्ही. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये ईबेवर स्वतःच्याच वस्तूंवर बोली लावणाऱ्या विक्रेत्याला कोर्टाने शिक्षा केली होती, तेव्हा ही फक्त कागदावरची गोष्ट आहे असं समजू नका.

साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असलाच पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. मेल लिहा, पण 'मला फसवलं' असं मोघम लिहू नका. बोलींच्या वेळा आणि आकडे लिहा, आणि एकच प्रश्न विचारा: 'र*७' आणि विक्रेता यांचा फोन, पत्ता, बँक खातं किंवा उपकरण यांत काही समान आहे का ते तपासून कळवा. नाव सांगा असं म्हणूच नका, ते सांगणार नाहीत. तपासा म्हणा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता मूळ प्रश्नाबद्दल. मी नोकरीत असताना थकीत कर्जाच्या घरांचे ई-लिलाव पाहिले आहेत. तिथेही बोली लावणाऱ्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत. पण आत येतानाच ओळखपत्र, पॅन आणि अनामत रक्कम, बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के. जिंकलात की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्क्यांपर्यंत रक्कम पुरी करायची, बाकीची साधारण १५ दिवसांत. नाही भरली तर भरलेली जप्त. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशी जप्ती योग्य ठरवली. तिथे आकडा चुकला म्हणून कोणी चार मिनिटांत पळून जात नाही, कारण पळण्याची किंमत लाखांत आहे. तुमच्या साइटवर 'र*७' ला बोली मागे घ्यायला काय पडलं? काही नाही. मी चांदण्या बघत नाही. खोटी बोली लावणाऱ्याचं काय जातं ते बघतो.

अजनीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून बसून एकेक गोष्ट तपासली.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. नंबर मीच दिला होता. त्या तांब्याच्या पैशावर बोली लावायच्या आधी मी विक्रेत्याला साइटवरून निरोप पाठवला होता की वजन सांगा आणि मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो या नंबरवर पाठवा. म्हणजे हरल्यावर मला गाठू शकणारा एक तोच होता, किंवा त्याने ज्याला नंबर दिला तो. साइटने झाकलेलं नाव मी स्वतःच उघडं करून ठेवलं. हे लक्षात आलं तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

'र*७' चा गोषवाराही निघाला. तीस दिवसांत ३८ बोली, त्यातल्या ९२ टक्के कटकचा रुपया विकणाऱ्या याच एका विक्रेत्याकडे, ५ मागे घेतलेल्या. मी त्या विक्रेत्याचे जुने लिलाव उघडून पाहिले. 'र*७' जवळपास प्रत्येक ठिकाणी आहे आणि जिंकलेला दिसतो तो एकदाच. तेच नाणं अकरा दिवसांनी परत लिलावात आलेलं आहे.

१९३० वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. घरी बायकोलाही सांगितलं. ती रागावली नाही, मला तेच जास्त लागलं. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला बँकवाल्या काकांनी सांगितलं तसंच लिहिलं, वेळा आणि आकडे घालून. दुपारी पोच आली, आणि चौकशी होईपर्यंत पैसे भरायची मुदत थांबवली आहे असं त्यात लिहिलं आहे. निकाल काहीही लागो, ८,००० ला मी तो रुपया घेणार नाही. खऱ्या बोलीने तो ३,२५० ला आला असता, आणि फुगवलेला भाव बाबांच्या वहीत लिहायला माझा हात धजणार नाही.

ताई, तुमचं नावं न उघडण्याबद्दलचं म्हणणं पटलं. काल रात्री आधी वाटलं होतं की आता फक्त नावं दिसतील तिथेच घ्यायचं. पण माझ्या घराचा पत्ता आणि माझी ऐपत मलाही कोणाला दाखवायची नाही.

इतवारी६८
भाऊ, तो एकदा जिंकला आणि नाणं अकरा दिवसांनी परत आलं, त्याचा स्क्रीनशॉट अधिकाऱ्याला आजच वेगळा पाठवा. त्यासारखा पुरावा नाही. विक्रेत्याने चुकून स्वतःचंच नाणं विकत घेतलं म्हणून ते परत बाजारात आलं. पान काढून टाकलं तर मग काही हाती राहणार नाही.

आणि कटकचा रुपया माझ्याकडे दोन आहेत. एकाची कड थोडी झिजली आहे, पण अहमदशाहाचं नाव चांगलं वाचता येतं. या, हातात घ्या, काट्यावर ठेवून ११ ग्रॅमच्या आसपास भरतो का ते स्वतः बघा, मग भावाचं बोलू. घाई नाही.

अजनीवाला
स्क्रीनशॉट आत्ता पाठवला.

काका, रविवारी ११ वाजता येतो. बाबांची वहीही आणतो. त्यात १९८७ पासूनची नावं आहेत, इतवारीचीच बरीच. त्यातले कोण कोण तुमच्या ओळखीचे निघतात ते बघू.